नर्मदेकाठचा धक्का आणि होडीची लिफ्ट: आधी सप्टेंबरचं पाणी मोजा

वडोदऱ्याच्या एका निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारलं आहे: 'शिनोर तालुक्यात नर्मदेच्या उत्तर काठावर आमचं फार्महाऊस आहे. सतरा फुटी फायबरची बोट आहे, तिला मागे लटकणारं चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. लोखंडी पिंपांवर केलेला तरंगता धक्का दोन पावसाळ्यांत गंजून एका बाजूला कलला. मुलीकडे फ्लोरिडात घरामागच्या कालव्यावर चार खांबांची इलेक्ट्रिक लिफ्ट पाहिली. बटण दाबलं की बोट पाण्याबाहेर! तशी इथे बसेल का? आणि धक्क्याची निगा कशी राखायची?'

डॉक्टरसाहेब, मुंबईच्या बंदरात सात वर्षं फिटरचं काम करून मी वडोदऱ्याला परत आलो आणि तेव्हापासून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, फॅब्रिकेशन करतोय. नर्मदा, मही आणि आसपासच्या तलावांवर बरेच तरंगते धक्के बांधले, काही वाहून गेलेलेही पाहिले. त्या अनुभवावरून सांगतो, तशी लिफ्ट तुमच्या काठावर बसवू नका. ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती ज्या पाण्यासाठी घडवली ते पाणीच वेगळं आहे.

फ्लोरिडाच्या त्या कालव्यात भरती-ओहोटीचा फरक असतो दोन-तीन फुटांचा. पाणी खारं, त्यामुळे बोट पाण्यातच ठेवली तर तळाला बार्नेकल, म्हणजे कवचाचे बारीक समुद्री जीव, चिकटतात, रंग खराब होतो, इंजिनाचा खालचा भाग गंजतो. म्हणून तिथे रोज बोट उचलून ठेवणं परवडतं आणि गरजेचंही असतं. चार खांब रोवायचे, वर दोन तुळया टाकायच्या, तारेच्या दोरांनी पाळणा टांगायचा, की झाली लिफ्ट. आपल्या नर्मदेचं पाणी गोडं, म्हणजे बार्नेकलचा प्रश्नच नाही. पण पातळीचा प्रश्न आहे आणि तो फुटांचा नाही, मीटरांचा आहे. केवडियाला सरदार सरोवर धरणाच्या पायथ्याशी १२०० मेगावॉटचं वीजघर आहे. ते चालू झालं की खालच्या काठांवर पाणी चढतं, बंद झालं की उतरतं. सकाळी पाण्यात बांधलेली नावडी संध्याकाळी वाळूवर बसलेली तुम्हीही पाहिली असेल. हे झालं उन्हाळ्या-हिवाळ्याचं.

सप्टेंबर वेगळाच. १७ सप्टेंबर २०२३ ला सरदार सरोवर १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला भरलं आणि दरवाजांतून लाखो क्यूसेक पाणी खाली आलं. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, यावरून अंदाज करा. चांदोदचे घाट बुडाले, पाणी गावात शिरलं. त्या पाण्यात चार खांबांची लिफ्ट काय करणार? खांब टिकले तरी मोटर आणि गिअरबॉक्स पाण्याखाली जातील आणि वाहत आलेलं एखादं झाड तारांमध्ये अडकलं की सगळा सांगाडा उपटेल. काठावर बांधायचं ते फेब्रुवारीचं शांत पाणी पाहून ठरवू नये. सप्टेंबरात पाणी कुठवर येतं ते गावातल्या म्हाताऱ्या नाविकाला विचारा, ती खूण दगडावर करा आणि मगच नकाशा काढा. मी स्वतः हे न विचारता एकाचं काम केलं होतं. मार्गदर्शक खांब रोवून त्यांना कड्या घातल्या आणि तराफा त्या कड्यांत वर-खाली होईल असा बसवला. मागच्या दोन-तीन वर्षांची पूररेषा धरली आणि खांबांची डोकी तिच्यावर दीड मीटर ठेवली. पुढच्या पुरात तराफा कड्यांसकट खांबांच्या डोक्यावरून निघाला आणि गेला. मालकाला मी नवीन करून दिला, पण खाली कुणाच्या नावेवर तो आदळला असता तर काय, हा विचार आजही झोप उडवतो.

म्हणून माझी सूचना दोन भागांची आहे. बसण्या-उतरण्यासाठी हलका तरंगता धक्का, जो जूनमध्ये काठावर ओढून घेता येईल. आणि बोटीसाठी लिफ्टच्या जागी काठाच्या उतारावर रूळ, त्यांवर ट्रॉली आणि वर एक विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र. जुन्या बंदरांत लहान होड्या अशाच वर घेत आले आहेत.

हिशोब करून दाखवतो. तुमच्या बोटीचा सांगाडा धरा ३५० किलो, आउटबोर्ड १००, चाळीस लिटर पेट्रोल ३०, बॅटरी २०, नांगर, दोर, जॅकेटं मिळून ४०. म्हणजे ५४० किलो. लिफ्टने सरळ वर उचलायचं तर हे सगळं वजन तारांवर येतं, शिवाय वीसेक टक्के जास्तीची ताकद हवीच. ट्रॉलीचं वजन २०० धरलं तरी एकूण साडेसातशे किलो १:६ च्या उतारावर ओढायला लागतात १२५ किलो. चाकांचं घर्षण, गाळ, चढाचा पहिला झटका म्हणून दुप्पट धरा, अडीचशे. हाताने फिरवायच्या विंचलाही हे सहज जमतं. तरी विंच हजार किलोचीच घ्या, कारण कंपनी लिहिते ती ओढ ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाची असते. थर चढत जातात तशी ओढ घटते. १:६ म्हणजे तीन मीटर वर जायला अठरा मीटर रूळ. तुमच्याकडे काठाला कोतर, म्हणजे घळ, असेल तर तिच्या तोंडाशी असा उतार आयता मिळेल. फक्त कोतर कापू नका, दोन्ही बाजूंना वाळा लावा. त्याची मुळं माती जशी धरतात तशी कुठलीही भिंत धरत नाही.

विंच वर्म गिअरचीच हवी. तिला स्वतःचा अटकाव असतो, हात सोडला तरी भार मागे फिरत नाही. बाजारात स्वस्त मिळते ती दातेरी चाकाची, त्यात अडकणाऱ्या खिट्टीला आम्ही कुत्रं म्हणतो. कुत्रं उचललं की हँडल पंख्यासारखं उलटं फिरतं. माझ्या एका कारागिराचं मनगट असंच मोडलं. तुम्ही ते काम आयुष्यभर केलंत, जास्त सांगत नाही.

रूळ म्हणून एल आकाराचा लोखंडी अँगल उलटा टाकावा, धार वर, आणि चाकं व्ही खाचेची. आपल्या सोसायटीच्या सरकत्या फाटकाला असतात तशीच. धारेवर गाळ बसत नाही, यू आकाराच्या चॅनेलमध्ये मात्र गच्च भरतो. चाकांना बॉल बेअरिंग घालू नका. पाण्यात बुडणाऱ्या बेअरिंगचं आयुष्य एक हंगाम. गनमेटलची बुश, म्हणजे आसाभोवतीची साधी धातूची नळी, आणि ग्रीस भरायचं निपल पुरेसं आहे. ट्रॉलीवर बोट टेकते ती दोन लांब लाकडी फळ्यांवर, त्यांवर जुना गालिचा. या फळ्या बोटीच्या मागच्या टोकापर्यंत, इंजिन जिथे लटकतं त्या भिंतीच्या खालपर्यंत गेल्याच पाहिजेत. अर्धा फूट आखूड राहिल्या तर इंजिनाच्या वजनाने फायबरचा तळ तिथे वाकतो आणि मग बोट वेगात डोकं खाली घालून पळते. लोक इंजिनात दोष शोधत बसतात.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, कारण ती कुणाला आपसूक सुचत नाही. बोट पाण्याबाहेर असताना तळाचं बूच काढून ठेवा. तुमची बोट पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद. ताडपत्री नसेल आणि एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यात हजार लिटर पाणी साचेल. एक टन! ५४० किलोंसाठी केलेल्या ट्रॉलीवर किंवा लिफ्टवर दीड टन. अशा रात्री तारा तुटतात. आणि ते बूच किल्लीच्या जुडग्यालाच अडकवा, म्हणजे इंजिन सुरू करायला किल्ली घेतली की बूच हातात येईल. बूच न लावता उतरवलेली बोट धक्क्यापासून शंभर फुटांवर बुडायला लागते.

एवढं सांगूनही तुम्हाला बटणाची लिफ्ट हवीच असेल, तर हवेच्या टाक्यांची तरंगती लिफ्ट घ्या. दोन बंद टाक्या, त्यांत ब्लोअरने हवा भरली की बोट वर, हवा सोडली की खाली. ती धक्क्यासोबत पाण्याबरोबर चढते-उतरते, खांब लागत नाहीत. पावसाळ्याआधी तीही बाहेर काढावी लागेल.

आता धक्का. तुमची लोखंडी पिंपं आतून गंजली. बाहेरून रंग ठीक दिसतो, पण आतली कोंडलेली दमट हवा पत्रा खाते. निळी प्लॅस्टिकची दोनशे लिटरची पिंपं घ्या, पण प्रत्येकी दोनशे किलोंचा भरवसा धरू नका. अर्धं पिंप पाण्यावर राहिलं पाहिजे, म्हणजे हिशोबात शंभरच. तीन बाय पाच मीटरचा धक्का, चौकट आणि फळ्या मिळून नऊशे किलो, त्यावर आठ माणसं साडेपाचशे. पंधरा पिंपं लागतील, मी अठरा घालतो. आडवी, बुचं वरच्या अंगाला, आट्यांवर टेफ्लॉनची टेप. पैसे असतील तर एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे जोडठोकळे उत्तम. एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो आणि जूनमध्ये चार माणसं मिळून सगळा धक्का सोडून काठावर रचू शकतात.

चौकट लोखंडाची करणार असाल तर आधी सगळं वेल्डिंग, सगळी भोकं, आणि मगच गरम जस्तात बुडवणं. पाच मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादाला चौरस मीटरमागे ६१० ग्रॅम जस्त, असं काम मागा. ट्रान्समिशन टॉवर बनवणाऱ्यांमुळे आपल्या भागात ही सोय चांगली आहे. चौकटीत बंद पाइप असतील तर त्यांना हवेची भोकं ठेवली आहेत ना, हे स्वतः पाहा. बंद पाइप वितळलेल्या जस्तात गेला तर आतली हवा आणि ओल फुगून तो स्फोटासारखा फुटतो. जागेवर आणून पुन्हा वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. करावंच लागलं तर घासून झिंकचा रंग लावा, नुसता चंदेरी रंग नको.

जस्तावरून आठवलं. इंजिनाच्या पायाला एक धातूचा ठोकळा असतो. तो स्वतः झिजून इंजिनाचं ॲल्युमिनियम वाचवतो. ऑनलाइन मागवला की बहुधा झिंकचाच येतो. तो समुद्रासाठी. गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरतो आणि तो काम करणंच थांबवतो. नर्मदेच्या गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा घ्या. भरूचच्या खाली जिथे खारं-गोडं मिसळतं तिथे ॲल्युमिनियमचा. दोन वर्षं झाली तरी ठोकळा नव्यासारखा चकचकीत दिसत असेल तर खूश होऊ नका, तो झिजत नाही याचा अर्थ दुसरं काहीतरी झिजतंय.

धक्का जागेवर धरायला चार नांगर, दोन वरच्या प्रवाहाकडे, दोन खालच्या. काँक्रीटचे ठोकळे ओतताना लक्षात घ्या की पाण्यात त्यांचं वजन जवळपास चाळीस टक्के कमी होतं. पाचशे किलोचा ठोकळा नदीत तीनशेचाही भरत नाही. आणि प्रवाह दुप्पट वेगाने आला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात जलपर्णीचं बेट येऊन अडकलं की धक्क्याची रुंदी जणू तिप्पट. म्हणून रोज सकाळी वरच्या बाजूची जलपर्णी बांबूने सोडवून देणं हे माळ्याचं पहिलं काम ठेवा. साखळीच्या शॅकलची, म्हणजे जोडकडीची, पिन तारेने बांधून टाका, नाहीतर लाटांनी ती हळूहळू उघडते. काठावरून धक्क्यावर येणारा पूल बिजागरीचा हवा. पातळी दोन मीटर खाली गेली तर आठ मीटरचा पूल १:४ चा उतार होतो, वयस्कर माणसाला तोही जड. दोन्ही बाजूंना कठडा लावाच.

महिन्यातून एकदा अर्धा तास द्या. धक्क्याच्या चारही कोपऱ्यांना रंगाची रेघ मारून ठेवा. एखादा कोपरा बोटभर खाली गेला की त्या पिंपात पाणी शिरलंय. विंचच्या तारेवरून जाड चामड्याचा हातमोजा घालून हात फिरवा, एखादा तंतू टोचला की तार बदलायची, गाठ मारून चालवायची नाही. तार जिथे कप्पीवरून वळते ती कप्पी लहान नको: सहा मिलिमीटरच्या तारेला किमान ११०-१२० मिलिमीटर व्यासाची. तारेच्या टोकाला क्लिपा लावताना यू-बोल्ट मोकळ्या तुकड्यावर आणि खोगीर, म्हणजे क्लिपचा खाचेचा ठोकळा, ओढ घेणाऱ्या तारेवर, तेही तीन क्लिपा. हे उलटं लावलेलं मी दहापैकी सहा ठिकाणी पाहतो. शेवाळाला ताठ ब्रश आणि वाळू, नदीत ॲसिड किंवा ब्लीच ओतू नका.

विजेबद्दल कठोरपणे सांगतो. धक्क्यावर २३० व्होल्ट नेऊच नका. दिवे, पंप सगळं बारा व्होल्टवर, सोलर आणि बॅटरीने चालतं. विंचला मोटर लावायचीच असेल तर ती काठावर, पूररेषेच्या वर, आणि लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. त्यावरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा. गोड्या पाण्यात गळणारी वीज समुद्रापेक्षा जास्त घातक असते. माणसाच्या अंगात क्षार असतात, आजूबाजूच्या पाण्यात कमी, त्यामुळे प्रवाह शरीरातूनच वाट काढतो. पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि तो आवाज न करता बुडतो. वाचवायला उडी मारणाराही तसाच जातो. पावसाळ्यात आरसीसीबी सारखं पडतं म्हणून ते बायपास करून देणारे इलेक्ट्रिशियन फार्महाऊसवर सर्रास भेटतात. तसं केलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढून टाका.

मगर हे नर्मदामाईचं वाहन, आणि ती खरोखर तिथे आहे. बुटका, पाण्याला टेकलेला धक्का तिला ऊन खायला आवडतो. फळ्या पाण्यापासून दीड फूट उंच ठेवा, पाय पाण्यात सोडून बसू नका, धक्क्यावर मासे साफ करू नका, कुत्र्याला खालच्या पायरीवर जाऊ देऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी वाळूच्या काठावर अंडी घालते. रूळांजवळ उकरलेली वाळू दिसली तर काम थांबवा आणि वनखात्याला कळवा. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हुसकावणं आपलं काम नाही.

कागदांचंही पाहून घ्या. तुमची हद्द काठापर्यंत, नदीचं पात्र सरकारचं. पात्रात नांगर, ठोकळे, रूळ यांपैकी काहीही जाणार असेल तर आधी लेखी परवानगी. इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. तपासणी आणि नोंदणी करून घ्या. बोटीवर जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेटं, घातलेली, सीटखाली कोंबलेली नव्हे. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. त्यानंतर मी एकही धक्का असा सोपवलेला नाही ज्याच्या तोंडाशी जॅकेटांचं कपाट आणि दोर लावलेली रिंग नाही. कपाटाचे पैसे मी वेगळे लावत नाही.

आणि काठाने परिक्रमावासी जातात. नदी उजव्या हाताला ठेवून चालणारी ती माणसं पहाटे अंधारातही निघतात. तुमचे रूळ आणि विंचची तार त्यांची पायवाट कापणार असतील तर तिथे रूळ जमिनीत बुडवून वर फळी टाका, आणि तार वापरात नसताना गुंडाळून ठेवा.

वेळापत्रक असं बसवा. जूनच्या दहा तारखेच्या आत धक्का आणि ट्रॉली वर. बोट ट्रेलरवर घालून घराजवळ, टाकीतलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं आणि तीन महिन्यांत कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर जमतो. इंजिन उभं ठेवा. साखळ्या आणि ठोकळे पात्रात राहिले तरी चालतील, त्यांच्या टोकांना दोर बांधून काठावरच्या झाडाला खूण ठेवा. नवरात्र उरकलं आणि पाणी स्वच्छ झालं की परत उतरवा. तेव्हा उतारावर ढोपरभर गाळ असेल, तो आधी फावड्याने काढून मग ट्रॉली सोडा.

रूळांची लांबी ठरवण्याआधी मला एक नोंद लागेल. काठाशी फुटांच्या खुणा केलेला लोखंडी पाइप रोवा आणि महिनाभर रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सातला पाणी किती फुटांवर आहे ते माळ्याकडून वहीत लिहून घ्या. सोबत पुराच्या खुणेपासून त्या पाइपापर्यंतचं उभं अंतर लेव्हल पाइपने, म्हणजे गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने, मोजा. ती वही घेऊन मकरपुऱ्याला या.